जपानचा इसे-शिमा किनारा: आमा, शेवंड, कात्सुओबुशी. कोणत्या महिन्यात जावं?

मीठभाकर यांचा प्रश्न (खाली इतर सदस्यांची उत्तरं, त्यांच्या टोपणनावांनी):

मिए प्रांतातल्या इसे-शिमा किनाऱ्यावर पाच रात्री काढायचा विचार आहे. ओसाकाला उतरून तिथूनच परत. माणसं चार: आम्ही दोघं, सासरे (मासे म्हणजे जीव की प्राण) आणि सासूबाई (पक्क्या शाकाहारी, अंडंही चालत नाही).

१) मे अखेर की नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा? आमा, म्हणजे श्वास रोखून बुडी मारणाऱ्या बायका, बघायच्या आहेत आणि इसे-एबी म्हणजे तिथली शेवंडही खायची आहे.
२) जेआर (जपान रेल्वे) पास घ्यावा का? गाडी भाड्याने घेणं गरजेचं आहे का?
३) आमांच्या झोपडीतलं जेवण खरं असतं की पर्यटकांसाठीचं नाटक?
४) सासूबाईंनी काय खायचं?
५) तेकोनेझुशी (मुरवलेला मासा कालवलेला आंबट-गोड भात) पुण्यात घरी करता येईल का? मासा कोणता घ्यावा?

---

खाडीपलीकडे:

तुमच्या पहिल्या प्रश्नातल्या दोन इच्छा एका फेरीत पुऱ्या होत नाहीत, आणि बरीचशी निराशा तिथूनच सुरू होते. मिएमध्ये इसे-एबीची मासेमारी १ मे ते ३० सप्टेंबर बंद असते. मे अखेरीला ताटात आलेली शेवंड टाकीत राखलेली, गोठवलेली किंवा बाहेरून आणलेली असणार. उलट आमांचा खरा हंगाम वसंत ते उन्हाळा. शरदात अवाबी (एकाच बाजूला शिंपला असलेला, खडकाला घट्ट चिकटणारा प्राणी) अंडी घालतो, म्हणून तेव्हा तो काढायला बंदी असते. नोव्हेंबरमध्ये पाण्यात आमा दिसल्या तर नशीब समजा.

सासऱ्यांच्या जिभेचा विचार केला तर नोव्हेंबर. शेवंड सुरू झालेली असते. तोबा शहरासमोरच्या तोशिजिमा बेटाचा सावारा मासा चरबीने भरलेला असतो. हा आपल्या सुरमईचा सख्खा भाऊ, तिथे चरबी यंत्राने मोजून 'तोरो सावारा' म्हणून विकतात. आनोरी गावचा फुगु (अंग फुगवणारा मासा) ऑक्टोबर ते फेब्रुवारी मिळतो. 'आनोरी-फुगु' हे नाव फक्त ७०० ग्रॅम आणि वरच्या, समुद्रातल्याच माशाला लावतात. आमा बघणं हाच मुख्य हेतू असेल तर मेचा दुसरा पंधरवडा ते जून. मेच्या पहिल्या आठवड्यातली सुट्ट्यांची गर्दी मात्र टाळा.

नोव्हेंबर ठरला तर पंचांग उघडून पौर्णिमा बघा. शेवंड जाळ्याने धरतात. संध्याकाळी खडकाळ तळाशी जाळं टाकायचं, पहाटे उचलायचं. चांदणं असलं की शेवंड बिळाबाहेर येत नाही, म्हणून पौर्णिमेच्या आगेमागे होड्या जाळी टाकतच नाहीत. पहाटे वागूच्या धक्क्यावर जाळ्यांतून शेवंड सोडवणारी माणसं बघायची असतील तर अमावास्येच्या बाजूचे दिवस धरा. लांबून बघा, जाळ्यावर पाय पडू देऊ नका.

अवाबीकडून फार अपेक्षा ठेवू नका. कुरोशिओ या उष्ण प्रवाहाने ऑगस्ट २०१७ पासून एप्रिल २०२५ पर्यंत मोठं वळण घेतलं होतं. त्या काळात किनाऱ्यालगतचं पाणी तापलं, आरामेसारख्या मोठ्या शेवाळांची रानं विरळ झाली, आणि अवाबी जगतो तो याच शेवाळावर. त्यात १०.६ सेंटीमीटरपर्यंतचा शिंपला काढायलाच मनाई आहे. आमा पाण्याखालीच पट्टीने मापतात आणि छोटा निघाला तर परत ठेवतात. म्हणून बहुतेक ठिकाणी ताटात साझाए हा काटेरी शंख येतो. तो काही कमी चवीचा नसतो.

---

रुळांवरून:

प्रवासाचं सांगतो. जेआर पास इथे जवळजवळ निरुपयोगी. या भागाची गाडी म्हणजे किंतेत्सु ही खाजगी रेल्वे. ओसाका-नाम्बाहून तोबा साधारण २ तास आणि शेवटचं स्टेशन काशिकोजिमा अडीच तासांच्या आत. नागोयाहून जेआरची 'मिए' नावाची जलद गाडी तोबापर्यंत जाते खरी, पण मधला तुकडा इसे रेल्वेच्या मालकीचा आहे आणि पास असला तरी त्याचे पैसे गाडीतच भरावे लागतात.

किंतेत्सुचा परदेशी पर्यटकांसाठी पाच दिवसांचा पास आहे. त्याच्या 'प्लस' प्रकारात मिए कोत्सुच्या आणि तोबाच्या कामोमे बसही येतात. गोम अशी की विशेष जलद गाडीला मूळ भाड्यावर वेगळं तिकीट लागतं, आणि पास हातात आहे म्हणून त्या गाडीत थेट बसणारे हमखास अडकतात. शिमाकाझे ही आलिशान गाडी रोज नसते, आरक्षणही लवकर संपतं. सासू-सासऱ्यांची हौस असेल तरच तिच्या मागे लागा.

मुक्काम दोन करा: तीन रात्री तोबा, दोन रात्री काशिकोजिमा किंवा उगाता. तोबाहून ओसात्सु (आमांचं गाव), उरामुरा (कालवं, सागरी संग्रहालय) आणि बेटं. उगाताहून नाकिरी, वागू, आनोरी. ही दोन टोकं एका दिवसात बसने जोडायला जाऊ नका, कारण बहुतेक वेळा परत रेल्वेवर यावं लागतं आणि दुपार स्टॉपवर जाते. बस दिवसाला मोजक्या असतात, आणि शेवटची संध्याकाळ पडायच्या आतच निघून गेलेली असते. तोबा ते ओसात्सु साधारण ४० मिनिटं, उगाता ते नाकिरी २०-२५ मिनिटं.

चार माणसं असाल तर मधले दोन दिवस गाडी घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. आरटीओकडून १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना चालतो, वाहतूकही आपल्यासारखीच डावीकडून. तोबा ते शिमा हा पर्ल रोड वळणावळणाचा आहे; ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीटवर बसवा.

कामिशिमा बेटाला तोबाच्या धक्क्यावरून शहराची लाँच जाते, पाऊण तासाच्या आसपास. वारा वाढला की पहिली रद्द होते ती हीच. म्हणून ते बेट शेवटच्या दिवसावर ढकलू नका.

---

दोन पाती:

झोपडीच्या प्रश्नाला सरळ उत्तर: जेवण खरं, प्रसंग मांडलेला. आमागोया म्हणजे बुडी मारून आल्यावर अंग शेकण्याची, कपडे बदलण्याची जागा. कामाची झोपडी कुणाला दाखवायला नसते, आणि तिथे न विचारता डोकावणं अत्यंत असभ्य. पर्यटकांना जेवू घालणाऱ्या झोपड्या वेगळ्या. ओसात्सुच्या बाजूला त्या आहेत, आणि मधल्या विस्तवावर भाजून देणाऱ्या बायका बहुतेक काम करणाऱ्या किंवा निवृत्त आमाच असतात. आधी आरक्षण लागतं. ऐन वेळी गेलात तर माल आणून ठेवलेला नसतो आणि कोळसाही पेटलेला नसतो.

मिकिमोतो बेटावर पांढऱ्या कपड्यांतल्या आमा दिसतात, ते प्रात्यक्षिक आहे. आज काम करणाऱ्या आमा काळा रबरी पोशाख घालतात. ते बेट मोत्यांसाठी बघा: १८९३ मध्ये मिकिमोतो कोकिचीने तिथे पहिले अर्धगोल संवर्धित मोती मिळवले.

खऱ्या कामाचं तंत्र समजून गेलात तर दिसेल जास्त. एक बुडी साधारण ५० सेकंदांची. काचिदो आमा किनाऱ्यावरून पोहत जातात आणि तरंगत्या कड्याला जाळीची पिशवी बांधतात. फुनादो आमा होडीवरून वजन धरून झपकन तळाशी जातात, आणि वर ओढणारा बहुधा नवराच असतो. वर आल्यावर ओठांतून हळू सोडलेल्या श्वासाची जी शीळ ऐकू येते ती इसोबुए. ती मौजेची नाही, दम पूर्वपदावर आणायची रीत आहे. डोक्याच्या फडक्यावर दोन खुणा शिवलेल्या असतात. सेमान हा एका रेषेत काढलेला पंचकोनी तारा: रेघ जिथून निघाली तिथेच परत येते, तशी बाईही परत यावी. दोमान ही जाळीची खूण, वाईट नजरेपासून राखण करायला. तोबा-शिमाच्या आमांचं हे तंत्र २०१७ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाचा अमूर्त लोकवारसा ठरलं. आज इथे आमा काही शेकड्यांतच उरल्यात.

सागरी संग्रहालय (उमी नो हाकुबुत्सुकान) चुकवू नका. इमारत १९९२ ची, वास्तुरचनाकार नाइतो हिरोशी. लाकडी होड्यांचं कोठार बघायला अर्धा तास पुरत नाही. झोपडीतल्या जेवणाच्या आधी जा, म्हणजे मग विस्तवाशी बसल्यावर विचारायला प्रश्न सुचतात.

एक सूचना: अवाबी बऱ्याचदा जिवंतच जाळीवर ठेवतात आणि तो वळवळतो. सासूबाईंना त्या खोलीत बसवू नका.

---

आमसूल:

नाकिरीबद्दल फक्त नावापुरतं आलं, म्हणून सविस्तर. दाइओसाकी दीपगृहाजवळ (१९२७ चं, वर चढता येतं) कड्याच्या बाजूला कात्सुओबुशी (कात्सुओ माशाचे धुरावून वाळवलेले कडक तुकडे) धुरावणारी जुन्या पद्धतीची जागा आहे. ठरलेल्या दिवशी, आधी कळवूनच बघता येते. कपड्यांना लागलेला धुराचा वास दोन धुण्यांत जात नाही, तेव्हा चांगला कोट घालू नका.

कात्सुओ हा कुप्याच्या जातीचा मासा. डोकं-आतडी काढून मोठ्या माशाचे चार लांब तुकडे करतात. उकळी फुटू न देता तास-दीड तास शिजवतात. पाणी खळखळलं तर मांस फाटतं. मग काटे काढून उबामेगाशी या ओकच्या जातीच्या लाकडाच्या विस्तवावर धुरावायचं, थंड करायचं, परत धुरावायचं. असं जवळपास महिनाभर. सलग धुरावलं तर बाहेरून कडक कवच येतं आणि आत ओल कोंडते. म्हणून मधली विश्रांती, त्या वेळात आतली ओल बाहेर सरकते. इथवर झालेली ती आराबुशी. पुढे तिच्यावर खास बुरशी धरवून उन्हात घालतात, खरवडतात, पुन्हा धरवतात. बुरशी उरलेली ओल ओढते आणि चरबी फोडते. तीच कारेबुशी, काही महिन्यांचं काम. मासा मुद्दाम कमी चरबीचा निवडतात. चरबीचा घेतला तर खवटतो, दाशीही (त्याचा काढलेला पातळ रस, जपानी स्वयंपाकाचा पाया) गढूळ होते. म्हणून खायला शरदातला लठ्ठ कात्सुओ चांगला, सुकवायला नाही.

ज्यांना लक्षद्वीपचं मासमीन माहीत आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. तिथेही कुपा उकडून, धुरावून, वाळवूनच टिकवतात. बुरशीचा टप्पा तेवढा जपानचा.

विकत घेताना अख्खा तुकडा घेण्याचा मोह आवरा. तो किसायला खास रंधा लागतो आणि त्याचं पातं नीट बसवता आलं नाही तर पापुद्र्यांऐवजी भुसा पडतो. किसलेलीची छोटी पाकिटं घ्या, फोडल्यावर फ्रीजरमध्ये.

दाशीचं माप: १ लिटर पाणी, १० ग्रॅम कोंबु (वाळवलेलं जाड समुद्री शेवाळ), २५ ग्रॅम किसलेली कात्सुओबुशी. कोंबु अर्धा तास भिजवून मंद आचेवर ठेवा, तळाशी बुडबुडे दिसू लागले की काढा. उकळू दिलात तर बुळबुळीत होतं. मग पाणी उकळीला आणून गॅस बंद, कात्सुओबुशी टाका, दीड मिनिटाने फडक्यातून गाळा. फडकं पिळू नका, पिळलं की कडवट आणि गढूळ उतरतं. चोथा फेकू नका. दुसरं पाणी घालून दहा मिनिटं उकळा, ते मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) सूपला पुरतं.

तेकोनेझुशी हे शिमाच्या कोळ्यांचं होडीवरचं जेवण. चौघांसाठी: तांदूळ ३०० ग्रॅम, व्हिनेगर ५० मिली, साखर २ मोठे चमचे, मीठ १ लहान चमचा. मासा ३०० ग्रॅम. त्याला सोया सॉस ४ मोठे चमचे आणि उकळून गार केलेलं मिरिन (तांदळाचं गोड मद्य) २ मोठे चमचे. मासा १०-१५ मिनिटंच मुरवायचा. अर्धा तास ठेवलात तर मीठ आत जाऊन तो घट्ट आणि खारट होतो. भात गरम असताना व्हिनेगर कालवा, कोमट होऊ द्या, मगच मासा हाताने हलके मिसळा. वर आल्याचे बारीक काप, शिसो या सुगंधी झुडपाची पानं, नोरी (शेवाळाचा वाळवलेला पापुद्रा). मुरवणातलं उरलेलं दोन चमचे भातावर शिंपडा, सगळं ओतू नका.

तांदूळ पुण्यात इंद्रायणी चालतो: वीस मिनिटं भिजवून, पाणी सव्वापटीच्या आसपास. आंबेमोहोर कालवताना मोडतो.

मासा मात्र बाजारातला कच्चा नको, अजिबात नको. व्हिनेगर, आलं, मिरची यांनी अ‍ॅनिसाकिस हा कृमी मरत नाही. तो मरायला उणे २० अंशांत किमान २४ तास लागतात आणि घरातले बरेच फ्रीजर तितके थंड होत नाहीत. दुसरी अडचण हिस्टामीनची: कुपा, बांगडा, सुरमई हे मासे बर्फाबाहेर राहिले की ते तयार होतं आणि मग शिजवून किंवा गोठवूनही जात नाही. जिभेला चुणचुण लागली तर घास थुंकून टाका. कच्चं खाण्यासाठी म्हणून गोठवून विकलेला मासा मिळाला तरच कच्चा करा. नाहीतर सुरमईचे तुकडे तव्यावर पूर्ण शिजवून त्याच मुरवणात पाच मिनिटं ठेवा. चव वेगळी येते, वाईट नाही येत.

---

कोरडी भाजी:

सासूबाईंसाठी. 'मांस-मासा नको' एवढं सांगून भागत नाही. तिथे दाशी म्हणजे पाण्याइतकी गृहीत धरलेली वस्तू. मिसो सूप, शिजवलेली हिजिकी (काळं शेवाळ), तेम्पुराचं (जपानी भज्यांचं) बुडवण, इनारी-सुशीचं गोड टोफू-आवरण, सगळ्यात ती असते. थंड टोफूवर कात्सुओबुशी भुरभुरलेली येते. इसे-उदोन दिसायला निरुपद्रवी (जाड, तासभर शिजवलेल्या मऊ शेवया आणि काळा दाट रस), पण त्या रसात दाशी असते.

सराय किंवा मिन्शुकुमध्ये (घरगुती मुक्कामात) रात्रीचं जेवण ठरलेलं असतं, गेल्यावर बदलून मिळत नाही. आरक्षणाच्या वेळीच लिहा, आणि उत्तरात 'दाशीसुद्धा नाही' असं स्पष्ट आल्याशिवाय पैसे भरू नका. बोलून दाखवायला: "निकु, साकाना, तामागो, कात्सुओ नो दाशी मो ताबेरारेमासेन." हेच जपानी लिपीत छापून जवळ ठेवा, छोट्या गावात तेच जास्त उपयोगी पडतं.

मी तरी ठरलेल्या जेवणाची सराय न घेता स्वयंपाकघर असलेली जागा सुचवेन. उगाता त्यातल्या त्यात बाजाराचं गाव. कोंबुची किंवा शिताके अळंबीची दाशी घरी करता येते. साधा भात, टोफू, भाज्या मिळतात; मेतकूट-लोणचं तुम्ही नेणारच.

इसेला नाइकु या मुख्य देवस्थानाच्या वाटेवर आकाफुकु मोची नक्की द्या: मोचीवर (चिकट तांदळाच्या गोळ्यावर) अझुकी या लाल, चवळीच्या जातीतल्या कडधान्याच्या गोड वाटणाचा थर, १७०७ पासूनचं दुकान. टिकते दोन-तीन दिवसच, तेव्हा पुण्याला न्यायचा बेत नको.

---

मीठभाकर:

सगळ्यांचे आभार. नोव्हेंबर पक्का, अमावास्येच्या बाजूचे दिवस बघतो. दोन शंका उरल्या. नोव्हेंबरात कालवं मिळतील का, आणि सासऱ्यांना कच्ची खाऊ द्यावीत का? आणि ओहोटीला खडकांवर तिसऱ्या-शिंपले वेचले तर कुणी हरकत घेतं का? आपल्याकडे सवय आहे.

---

दोन पाती:

दुसऱ्याचं आधी, कारण ते गंभीर आहे. काहीही वेचू नका. किनाऱ्याच्या जवळजवळ प्रत्येक तुकड्यावर त्या गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेचा हक्क आहे आणि साझाए, शेवंड, शेवाळ सगळं त्यात येतं. अवाबी आणि समुद्रकाकडीसाठी तर डिसेंबर २०२० पासून चोरट्या मासेमारीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ३ कोटी येनपर्यंत दंड आहे. 'पर्यटक आहे, माहीत नव्हतं' हे चालत नाही. रिकामे शिंपले बघा, हातातली पिशवी मात्र गाडीत ठेवा.

---

खाडीपलीकडे:

कालवं उरामुराला मिळतात. भाजून पोटभर खाऊ घालणाऱ्या टपऱ्या थंडीभर चालतात, त्यातल्या काही नोव्हेंबरच्या सुरुवातीला अजून उघडलेल्या नसतात, म्हणून फोन करून जा. कालवं भरदार होतात ती जानेवारीनंतर, नोव्हेंबरातली जरा बारीक.

कच्ची खायची तर मातोया खाडीची, अतिनील किरणांनी शुद्ध केलेल्या समुद्रपाण्यात ठेवून मग विकलेली. त्याने जिवाणू बरेच जातात, पण नोरोव्हायरस (पोट बिघडवणारा विषाणू) गेल्याची खात्री कुणी देत नाही. सासऱ्यांचं वय आणि पुढचे प्रवासाचे दिवस बघता मी भाजलेलीच देईन. आतला भाग ८५ ते ९० अंशांवर ९० सेकंद राहिला पाहिजे. शिंपला उघडला म्हणजे शिजलं असं नाही, उघडल्यावरही विस्तवावर राहू द्या. खोलगट बाजू खाली ठेवा, नाहीतर रस निखाऱ्यात जातो. हातमोजा आणि बोथट सुरी तिथेच देतात. शिंपल्याचे तुकडे उडतात, तेव्हा चष्मा असेल तर काढू नका. कच्च्याला लावलेला चिमटा आणि खायच्या काड्या वेगळ्या ठेवा, टपरीवर पोट बिघडतं ते बहुतेक याच चुकीने.